न्येपी : बालीच्या मौनातल्या पाडव्याला पाहुणा म्हणून जाताना

बालीच्या विमानतळाबाहेर पडताच घटोत्कचाचे भव्य शिल्प दिसते, हॉटेलच्या दारात कोणीतरी हात जोडून ‘ओम स्वस्त्यस्तु’ म्हणते आणि ठरलेल्या वेळी ध्वनिक्षेपकावरून त्रिसंध्येची प्रार्थना ऐकू येऊ लागते, जिचे पहिले कडवे म्हणजे आपला गायत्री मंत्र असतो. एवढे झाले की मराठी प्रवाशाला वाटू लागते की आपण परदेशात आलेलोच नाही. हा आपलेपणा खोटा नाही. मात्र त्याच्या भरवशावर माणूस जिथे थांबायला हवे तिथे आत शिरतो आणि जिथे विचारायला हवे तिथे गृहीत धरतो. बालीतील हिंदू धर्माला स्वतःचे आचार, स्वतःचे सोवळेओवळे आणि स्वतःचे पंचांग आहे. त्यामुळे तेथील सर्वांत मोठ्या सार्वजनिक व्रताला, म्हणजे चोवीस तासांचे मौन पाळण्याच्या न्येपीला, जाताना आपण पाहुणे आहोत ही जाणीव सामानात सर्वांत वर ठेवावी. पुढील सूचना त्या दृष्टीने, पूर्वतयारीपासून परतीपर्यंतच्या क्रमाने दिल्या आहेत.

तारीख कशी ठरवावी

न्येपी हा शक वर्षाचा पहिला दिवस आहे आणि हा शक आपलाच, म्हणजे इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा. मार्च २०२६ मध्ये आपल्याकडे शालिवाहन शक १९४८ सुरू होते आणि बालीतही १९४८ च. त्यामुळे न्येपी गुढीपाडव्यालाच येत असणार असे मानून विमानाची तिकिटे काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. २०२३ साली दोन्ही सण २२ मार्चला आले आणि २०२६ साली दोन्ही १९ मार्चला. परंतु २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला आणि पाडवा ३० मार्चला होता, तर २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला होऊन गेली आणि पाडवा थेट ९ एप्रिलला उजाडला. दोन्हीकडचा अधिक महिना एकाच वेळी येत नसल्यामुळे कधीकधी असे महिन्याचे अंतर पडते. म्हणून तारीख नेहमी इंडोनेशियाच्या त्या वर्षीच्या सरकारी सुट्ट्यांच्या यादीतच पाहावी. १९८३ पासून न्येपी ही तेथे राष्ट्रीय सुट्टी आहे.

बालीतील महिन्यांची नावे पाहिली तर गंमत वाटते. पहिले दहा महिने केवळ क्रमांकांनी ओळखले जातात, शेवटचे दोन मात्र ज्येष्ठ आणि आषाढ ही नावे टिकवून आहेत. नववा महिना ‘कसंगा’. त्याच्या अमावास्येनंतरचा दिवस म्हणजे दहाव्या महिन्याची प्रतिपदा, आणि वर्षाचा आकडा त्या दिवशी बदलतो.

किती दिवस, कोठे आणि कोणत्या कागदपत्रांनिशी

न्येपी एका दिवसाची असली तरी तिचा सोहळा साधारण आठवडाभर चालतो. आधीचे दोन ते चार दिवस समुद्राकडे जाणाऱ्या मेलास्तीच्या मिरवणुकांचे असतात, आदल्या दिवशी भूतशांतीचा विधी आणि राक्षसांची मिरवणूक, मग चोवीस तासांचे मौन, आणि त्यानंतर ‘न्गेम्बाक गेनी’ म्हणजे भेटीगाठींचा दिवस. यासाठी न्येपीच्या किमान चार दिवस आधी पोहोचावे आणि नंतर दोन दिवस हातात ठेवावेत. न्येपीच्या सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत बालीचा विमानतळ पूर्ण बंद असतो. प्रवासी विमाने येतही नाहीत आणि जातही नाहीत. शेजारच्या बेटांकडे जाणारी बंदरेही बंद असतात. आदल्या संध्याकाळी उतरणारे विमान कागदावर सोयीचे दिसते, पण त्या दिवशी दुपारनंतरच रस्ते मिरवणुकांसाठी बंद होऊ लागतात आणि टॅक्सी मिळणे जवळपास अशक्य होते. परतीचे तिकीटही विमानतळ उघडल्यानंतरच्या पहिल्या गर्दीतले घेऊ नये.

भारतीय पारपत्रधारकांना आगमनानंतर किंवा आधीच ऑनलाइन तीस दिवसांचा व्हिसा मिळतो. त्याचे शुल्क पाच लाख रुपिया असून तो एकदा वाढवता येतो. आकडा पाहून दचकू नये, रुपियाचे आकडे असेच असतात. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि परतीचे तिकीट जवळ ठेवावे. त्याखेरीज १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीत येणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपियांचा वेगळा पर्यटक कर घेतला जातो. तो निघण्यापूर्वी ऑनलाइन भरून पावती मोबाइलमध्ये जपून ठेवावी. निघण्याच्या आठवड्यात हे सर्व दर सरकारी संकेतस्थळांवर एकदा ताडून पाहावेत.

मुक्कामाच्या जागेची निवड हा या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, कारण त्या जागेत आपल्याला चोवीस तास कोंडून घ्यायचे आहे. मोठ्या हॉटेलात न्येपीच्या दिवशी आतील उपाहारगृह मंद दिव्यांत सुरू असते, बागेत आणि तलावाकाठी फिरता येते, आणि लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील तर हाच पर्याय शहाणपणाचा आहे. अनेक हॉटेले या काळात किमान दोन किंवा तीन रात्रींचे आरक्षण मागतात, हे आधी विचारून घ्यावे. मात्र व्रत खरोखर कसे पाळले जाते हे अनुभवायचे असेल, तर एखाद्या कुटुंबाच्या वाड्यातील घरगुती निवास निवडावा. बालीतील पारंपरिक घर म्हणजे भिंतीच्या आत अनेक स्वतंत्र मंडप आणि एका कोपऱ्यात कुलदेवळे अशी रचना असते. तेथे पाहुण्याला त्या घराचाच नियम लागू होतो. माझ्या मते उबुद किंवा सानूर ही गावे त्यासाठी उत्तम आहेत. दोन्हीकडे मिरवणुका चालत जाण्याच्या अंतरावर असतात आणि कूटासारखा मौजमजेच्या पर्यटकांचा गलबला तेथे कमी असतो.

सानूरला राहिल्यास ब्लांजोंगच्या देवळातील शिलास्तंभ चुकवू नये. शके ८३५ चा, म्हणजे आजपासून अकराशे वर्षांहून जुना, श्री केसरी वर्मदेव या राजाचा हा लेख आहे. त्यातील एक भाग प्राचीन बाली भाषेत असूनही तो नागरीच्या जुन्या रूपात कोरला आहे, आणि संस्कृत भाग मात्र तिकडच्या लिपीत. काचेआडच्या त्या झिजलेल्या अक्षरांपुढे उभे राहिल्यावर, दोन्ही किनाऱ्यांवर एकच शक का मोजला जातो याचे कुतूहल अधिक वाढते.

वस्त्र, सोवळे आणि देवळाची मर्यादा

देवळाच्या परिसरात स्त्री-पुरुष दोघांनीही कमरेला ‘कामेन’ नावाचे लुंगीसारखे वस्त्र आणि त्यावर कमरपट्ट्याप्रमाणे ‘सेलेंदांग’ बांधणे अपेक्षित असते. आपली साडी किंवा धोतर सभ्य असले तरी कमरेचा पट्टा टाळू नये, कारण तेथील कल्पनेप्रमाणे तो शरीराच्या खालच्या भागातील वासना आणि वरच्या भागातील विवेक यांच्यातील सीमारेषा आहे. बाजारातून एक साधा जोड विकत घ्यावा. पुढचे पाच दिवस तो रोज लागेल. पुरुषांचे डोक्यावरचे ‘उदेंग’ पाहुण्यांसाठी सक्तीचे नाही, पण यजमानांनी बांधून दिले तर आनंदाने बांधून घ्यावे.

देवळाचे अंगण टप्प्याटप्प्याने आत जाते आणि सर्वांत आतले अंगण प्रार्थनेसाठी असते. तेथे केवळ पाहण्यासाठी शिरू नये. आपणही हिंदू आहोत, प्रार्थना करायची आहे, असे यजमानांना सांगितल्यास बहुतेक वेळा ते स्वतः सोबत नेतात, कसे बसावे, फूल बोटांत कसे धरावे आणि तीर्थ कसे घ्यावे हे दाखवतात. मात्र ते निमंत्रण त्यांच्याकडून यावे. मासिक पाळीच्या काळात स्त्रियांनी आणि घरात नुकताच मृत्यू झालेल्यांनी देवळात जाऊ नये असा तेथील नियम आहे. सुतक ही कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. नियम पटो अथवा न पटो, पाहुण्याने तो वादाचा विषय करू नये. पूजा सांगणाऱ्या ‘पेमांकू’पेक्षा उंच जागी उभे राहणे, देवळांकडे पाय करून बसणे आणि डाव्या हाताने काही देणे, या तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. दारात, पायरीवर, दुकानाच्या फरशीवर पानांच्या छोट्या परडीत फुले ठेवलेली दिसतील. ती ‘चानांग सारी’ म्हणजे रोजचा नैवेद्य होय. चालताना नजर खाली ठेवावी.

मेलास्ती

न्येपीच्या आधीच्या दिवसांत गावोगावचे देव वाजतगाजत समुद्राकडे, तळ्याकडे किंवा झऱ्याकडे नेले जातात. पांढऱ्या वस्त्रांतील स्त्री-पुरुष, डोक्यांवर नैवेद्याच्या उतरंडी, पिवळ्या-पांढऱ्या छत्र्या, खांद्यांवर छोट्या पालख्या, आणि झांजा व घंटांचा ‘बेलेगांजुर’ हा चालता वाद्यवृंद यांचा तो प्रवाह किनाऱ्यावर येऊन बसतो, देवांच्या प्रतिमांची शुद्धी होते आणि समुद्रातून तीर्थ घेतले जाते. पालखी नदीवर नेण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हे दृश्य फार ओळखीचे वाटते. मला स्वतःला न्येपीच्या आठवड्यातील हा भाग सर्वांत सुंदर वाटतो, आणि राक्षसांच्या मिरवणुकीपुढे पर्यटक त्याकडे दुर्लक्ष करतात याचे नवल वाटते.

कोणते गाव कोणत्या दिवशी कोणत्या किनाऱ्यावर जाणार हे यजमानांना आदल्या दिवशी विचारावे. सकाळी लवकर किनारा गाठावा, मिरवणुकीच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहू नये, प्रार्थना सुरू झाल्यावर सर्वजण बसतात तेव्हा आपणही बसावे. छायाचित्रे बाजूने आणि फ्लॅशविना घ्यावीत. ड्रोन उडवू नये. काही वेळा एखाद्याच्या अंगात येते. अशा वेळी कॅमेरा खाली घेऊन चार पावले मागे सरावे, त्या माणसाला सांभाळणारे लोक तेथे असतात.

आदला दिवस : भूतशांती आणि ओगो-ओगो

अमावास्येच्या दुपारी चौकाचौकात ‘तावूर कसंगा’ हा भूतांना बळी देण्याचा विधी होतो. ‘बळी’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. पशुपक्ष्यांचा बळी त्यात असतो, आणि बालीतील हिंदूंच्या नैवेद्यात तसेच जेवणात डुकराचे मांस सर्रास असते. ज्यांना हे पाहणे सोसणार नाही त्यांनी दुपारचा विधी टाळून संध्याकाळी बाहेर पडावे, पण नाक मुरडू नये. जत्रेत बोकड कापणारी गावे आपल्याकडेही आहेत.

संध्याकाळी घराघरांतून मशाली घेऊन आणि ताटेभांडी वाजवत भुतांना बाहेर काढले जाते, आणि मग रस्त्यावर येतात ‘ओगो-ओगो’, म्हणजे बांबू आणि कागदाचे, दातविचके, दोन-तीन माणसे उंचीचे राक्षस. प्रत्येक ‘बंजार’, म्हणजे वस्ती-पंचायत, आपल्या तरुण मंडळाकडून तो घडवून घेते. वर्गणी, रात्रीचे जागरण, शेजारच्या वस्तीशी चुरस आणि स्पर्धेतील बक्षीस हा सगळा प्रकार पाहून पुणे-मुंबईकराला थेट गणेशोत्सवाच्या मांडवाची आठवण येईल. फरक एवढाच की येथे खांद्यावर देव नसून दैत्य आहे. बांबूच्या चौकटीवरून तो उचलून चौकात गरागरा फिरवतात, जेणेकरून भुते गोंधळून वाट चुकावीत, आणि शेवटी अनेक ठिकाणी त्याला अग्नी देतात. या मिरवणुकांची प्रथा आजच्या रूपात रुळली ती १९८० च्या दशकात. म्हणजे सण प्राचीन असला तरी हा भाग बऱ्यापैकी तरुण आहे.

आधीच्या दिवसांत संध्याकाळी कोणत्याही बंजारच्या सभामंडपात डोकावल्यास अर्धवट राक्षस आणि रंगाने माखलेली मुले दिसतात, आणि ती आनंदाने बोलतात. मिरवणुकीच्या दिवशी बालीची राजधानी डेनपसार येथे चतुर्मुख पुतळ्याचा चौक आणि उबुदमध्ये गावाचे मैदान ही मुख्य ठिकाणे आहेत. दुपारी चारपर्यंत जागा धरावी, निवासापासून पायी जाता येईल एवढेच अंतर ठेवावे, आणि राक्षस फिरवला जात असताना चौकाच्या कोपऱ्यावर उभे राहू नये, कारण तो तोल जाऊन झुकतो तो तिथेच.

त्या दिवशी सकाळी एक कंटाळवाणे पण अत्यावश्यक काम उरकावे. दुकाने दुपारपासून बंद होऊ लागतात, म्हणून दीड दिवसाचे पाणी, फळे, कोरडा खाऊ, नेहमीची औषधे आणि पुरेशी रोकड आधीच आणून ठेवावी. मधुमेही व्यक्तींनी जेवणाच्या वेळा यजमानांशी बोलून ठरवाव्यात. शाकाहारी लोकांनी ‘तेम्पे’ आणि ‘ताहू’, म्हणजे सोयाबीनचे दोन प्रकार, यांवर भर द्यावा. मात्र भाजीतही ‘तेरासी’ हे कोळंबीचे वाटण असू शकते आणि ‘लावार’ या कोशिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पदार्थात मांस, कधी रक्तही असते. ‘तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा तेरासी’, म्हणजे मांस, मासे आणि तेरासी यांवाचून, एवढे वाक्य पाठ करावे.

मौनाचा दिवस

न्येपीची चार बंधने आहेत. ‘अमती गेनी’ म्हणजे अग्नी आणि दिवा नाही, ‘अमती कार्य’ म्हणजे काम नाही, ‘अमती लेलुंगान’ म्हणजे प्रवास नाही आणि ‘अमती लेलांगुआन’ म्हणजे करमणूक नाही. लोकांची समजूत अशी की आदल्या रात्री डिवचलेली भुते परत आली तर त्यांना बेट ओसाड दिसावे आणि ती निघून जावीत. पाहुण्यावर उपवासाची सक्ती नाही, कामाकडेही कोणी पाहत नाही. पण बाहेर न पडणे, आवाज न करणे आणि अंधार पडल्यावर बाहेर प्रकाश जाऊ न देणे हे तिन्ही नियम धर्म, राष्ट्रीयत्व न पाहता सर्वांना लागू आहेत. रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र नेसलेले ‘पेचालांग’, म्हणजे गावाचे रखवालदार, गस्त घालतात. २०२३ मध्ये न्येपीच्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकून राहिलेल्या दोन पोलिश पर्यटकांना देशाबाहेर काढण्यात आले होते. ‘जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो’ हा विचारही करू नये. रुग्णालये आणि रुग्णवाहिका मात्र सुरू असतात. तातडीची वेळ आल्यास स्वतः न निघता हॉटेलच्या किंवा घरच्या माणसांमार्फत पेचालांगना कळवावे.

२०१८ पासून या दिवशी मोबाइलचे इंटरनेटही बंद ठेवले जाते. हॉटेलचे वाय-फाय कधी चालते, कधी नाही, म्हणून घरच्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की चोवीस तास निरोप आला नाही तरी काळजी करू नये. मुलांसाठी पत्ते, पुस्तके, चित्रकलेचे साहित्य न्यावे. पडदे जाड आहेत का हे उजेडातच तपासावे, आणि बॅटरी लागलीच तर ती जमिनीकडे वळवून लावावी.

ज्या वर्षी पाडवाही त्याच दिवशी येतो, त्या वर्षी गुढीचे काय करावे हा प्रश्न मराठी कुटुंबाला पडतोच. यजमानांच्या अंगणात गुढी उभारणे, निरांजन लावणे आणि पुरणपोळीचा घाट घालणे त्या दिवशी सोडून द्यावे. पहाटे सहाच्या आत उठून सोबत आणलेला कडुनिंब आणि गूळ खावा, मनातल्या मनात नमस्कार करावा आणि स्वस्थ बसावे.

सकाळचे दोन-तीन तास अवघड जातात, हात सारखा मोबाइलकडे जातो. दुपारनंतर कान निवळतात. एरवी स्कूटरच्या आवाजात बुडालेले कोंबडे, बेडूक, दूरचे कुत्रे, शेजारच्या अंगणातील झाडूचा आवाज वेगवेगळा ऐकू येऊ लागतो. रात्री अंगणात चटई टाकून आडवे व्हावे. आदल्याच दिवशी अमावास्या झालेली असते, चाळीस लाखांहून अधिक वस्तीच्या बेटावर एक दिवा नसतो, आणि आकाश निरभ्र असेल तर आकाशगंगा कोणी दाखवावी लागत नाही. मार्चमध्ये पावसाळा पुरता सरलेला नसतो, तेव्हा ढग आले तर त्याची तक्रार करण्यासारखी कोणतीही खिडकी त्या दिवशी उघडी नसते.

न्गेम्बाक गेनी

सकाळी सहाला विस्तव पुन्हा पेटतो. लोक नातेवाइकांकडे जाऊन वर्षभरातील चुकांची क्षमा मागतात आणि दुपारनंतर किनाऱ्यांवर सहकुटुंब गर्दी करतात, म्हणून लांबच्या सहलीचा बेत या दिवशी आखू नये. डेनपसारच्या सेसेतान भागात अविवाहित तरुण-तरुणींचा ‘ओमेद-ओमेदान’ हा खेळ होतो, ज्यात दोन रांगा एकमेकांना ओढतात, मिठी आणि चुंबन होते आणि वरून पाणी ओतले जाते. तो त्या वस्तीचा विधी आहे; पाहायला जावे, पण भिजण्याची तयारी ठेवून आणि मुलामुलींच्या तोंडावर कॅमेरा न धरता.

घरगुती निवासात राहिला असाल तर सकाळी यजमानांसमोर हात जोडून ‘राहाजेंग राहिना न्येपी’ म्हणावे. न्येपी होऊन गेली असली तरी पाहुण्याच्या तोंडून ते ऐकून त्यांना बरे वाटते. निघताना, कामेन उसना घेतला असल्यास तो धुऊन, घडी घालून परत द्यावा आणि सोबत आणलेला तिळगूळ, चिक्की असा काही गोड जिन्नस उजव्या हाताने द्यावा. ‘मातुर सुक्समा’ असे आभार मानले की ‘सुक्समा मेवाली’ असे उत्तर येते. घरातील आजी बहुधा त्या गोडातला एक तुकडा आधी कुलदेवळापाशी ठेवील, म्हणून तो सर्वांदेखत उघडून खाण्याची घाई करू नये.